आत्या येईपर्यंत

आमच्याकडे माणूस जिवंत असतो तोवर त्याला भेटायला कुणाला सवड नसते. मेला की मात्र त्याचं तोंड बघितल्याशिवाय कुणाच्या घशाखाली पाणी उतरत नाही. चार गावांना निरोप जातात, मोटरसायकली धावतात, आणि मढं दारात ठेवून सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसतात. ही रीत मी लहानपणापासून बघत आले आणि मला तिचं कधी काही वाटलं नव्हतं. आप्पा गेले त्या दिवसापासून मात्र तिचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलं तेव्हा मी अजून शाळेतही जात नव्हते. घर गेलं, भाताची शेतं गेली, आणि सरकारनं आम्हाला रामनगरात आणून बसवलं. हे सगळं आप्पांनी सोसलं. त्यांना आयुष्यभर खुपलं ते वेगळंच. आजा-आजीला जिथं जाळलं ती नदीकाठची जागा पाण्याखाली गेली, हे काही त्यांच्या मनातून उतरेना. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर उभं राहून ते बोट दाखवायचे, तिथं आमचं मसण. मला तिथं नुसता चिखल दिसायचा, पण मी मान डोलवायची.

रामनगरात नव्यानं वस्ती झाली आणि पहिलं माणूस मेलं, तेव्हा जाळायचं कुठं यावर दुपारपर्यंत भांडण चाललं होतं म्हणे. जागा ठरली तर लाकडाचा घोळ. चहूकडे एवढं जंगल, पण मढ्याला लाकूड हवं असेल तर वनखात्याच्या डेपोत जाऊन उभं राहायचं. आमच्या लोकांत मढ्याबरोबर आंब्याचं लाकूड जावंच लागतं. त्या भांडणानंतर आप्पांनी परसात आंब्याचं रोप लावलं. कुणी विचारलं की सांगायचे, हा माझा आंबा, माझ्याबरोबर येणार. आम्ही भावंडं त्या झाडाचे आंबे खातच मोठी झालो, आणि त्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

मग पाचेक वर्षांमागं बेळगावात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. कापणारा डॉक्टर अगदीच पोरगेला. आप्पांनी त्याला सरळ विचारलं, तू कुणाच्या पोटावर शिकलास? तो हसला आणि म्हणाला, तुमच्यासारखेच कुणी म्हातारे होते, मेल्यावर त्यांनी आपला देह कॉलेजला दिला होता, त्यांचं नावसुद्धा आम्हाला कळलं नाही. टाके निघाले तशी आप्पांनी मला बेळगावला पिटाळून देहदानाचा फॉर्म आणायला लावला.

घरात जो गदारोळ झाला तो विचारू नका. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला की लोक तोंडावर म्हणतील, ह्याला बापासाठी चार लाकडं जमली नाहीत. आप्पांनी परसाकडे बोट केलं. लाकडं तर तिथं उभी आहेत, ती आता पोरांना आंबे खायला ठेव. आमच्या वस्तीतले गावकार, म्हणजे ज्यांच्या शब्दावाचून आमच्यात लग्न लागत नाही की मढं उचलत नाही, तेही समजूत घालायला आले. आप्पांच्याच वयाचे, एकाच बुडालेल्या गावचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवणार कसा, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, कावळ्याला काय कागद दाखवायचाय व्हय, त्याला भाताशी मतलब. गावकार हसले, पण चहा अर्धा टाकून गेले.

त्या संध्याकाळी आप्पा माझ्याशी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "जमीन न्हेली तवा कुणी इचारलं न्हाई. घर न्हेलं, मसण न्हेलं, तवाबी न्हाई. आता ह्यो एक देह ऱ्हायलाय. ह्यो तरी माझ्या हातानं देतो की."

मी त्यांना शब्द दिला. दादानं कुरकुरत का होईना सही केली. कॉलेजच्या अटी साध्या होत्या. माणूस गेल्यावर लवकरात लवकर आणायचं, कार्यालय बंद व्हायच्या आत, आणि वारसांपैकी कुणाची हरकत नको. कार्ड आलं ते आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमागं खोचून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. माझ्या गोवऱ्या मसणात जायच्या न्हाईत आता, असं वर हसून सांगायचे.

मागच्या हिवाळ्यात, मार्गशीर्षात, एक दिवस ते कुणाला न सांगता एकटेच बसनं आत्याकडे जाऊन आले. आत्या म्हणजे त्यांची पाठची बहीण. ती उळवीच्याही पलीकडे जंगलातल्या वाडीत राहते, बस सोडल्यावर तासभर चालावं लागतं. पायावर सूज असताना हा माणूस तिथवर चालत गेला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर कंद घेऊन परत आला. मी इतकी भडकले होते की विचारलंसुद्धा नाही, का गेला होतात. वर दोन शब्द सुनावले. ते कंद उकडून खात बसले.

पौषात, एका शनिवारी सकाळी, आप्पांनी अर्धा चहा घेतला, उरलेला बाजूला ठेवला आणि गेले. इतकं सरळ मरण कुणाला मिळत नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या घरून मी धावत आले. नऊपर्यंत डॉक्टरांचा दाखला हातात होता. कॉलेजला फोन केला तर तिथल्या माणसानं नीट सांगितलं, पाचच्या आत आणा, उद्या रविवार आहे, आज चुकलं तर आम्हाला घेता येणार नाही. ओळखीच्या एकाचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. बेळगावचा रस्ता कसा आहे ते काही वेगळं सांगायला नको, एकदा ट्रकांच्या मागं लागलात की देवाचं नाव घेत बसायचं. तरी बारा-एकला निघालो असतो तर हातात वेळ होता. आंघोळ झाली, हळद-कुंकू झालं, हार झाला. आणि तिथंच माशी शिंकली.

आत्या यायची होती. पाठच्या बहिणीनं तोंड बघितल्याशिवाय आमच्यात भावाला उचलत नाहीत. तिच्या वाडीत फोन लागत नाही, म्हणून दादाचा मेहुणा सकाळीच मोटरसायकल घेऊन गेला होता. मी म्हटलं, येईल की वेळेत. दहा वाजले, अकरा वाजले. बायका आत येऊन बसत होत्या आणि प्रत्येक जणी आधी एकच विचारत होती, आत्या कुठवर आली? ती कुठवर आली हे मला कुठून कळणार? मळणीचे दिवस होते, म्हातारी खळ्यावर असेल, नाहीतर रानात गेली असेल. कुणीतरी मला चहा दिला, तो गार झाला, दुसरा दिला. टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, आणि त्याला बघून मला माझ्याच लोकांचा असा संताप येत होता की उठून दोन-चारजणांना दाराबाहेर काढावं. यातल्या निम्म्यांनी आप्पांना वर्षात एकदा तोंड दाखवलं नव्हतं, आणि आता त्यांच्या तोंडासाठी ही एवढी गर्दी.

गेलं वर्षभर मी ही हकीकत ज्याला त्याला ऐकवते, आणि इथवर आले की म्हणते, गावकारांनी अडवलं आणि दादानं कच खाल्ली. ऐकणारे मान हलवतात, आपल्या लोकांना कधी कळणार म्हणतात. पण ते तसं झालं नव्हतं.

एक वाजायच्या सुमाराला गावकार काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, शबुद तू दिल्यालीस. तू म्हनत आसशील तर आत्ता उचलतो. रीत मी बघतो, कोन काय बोलायचं न्हाई."

दादाही माझ्याकडेच बघत होता. तो नाही म्हणाला नाही. अख्खं अंगण माझ्याकडे बघत होतं. अंगणवाडीत तीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी, आणि माझ्या तोंडातून निघालं, "थांबूया. आत्या येऊ दे."

का म्हणाले ते मला नीट ठाऊक आहे. बापाला टेबलावर चिरायला पाठवायची लेकीला केवढी घाई, असं कुणीतरी म्हणेल, ही भीती मला वाटली. फॉर्म आणताना वाटली नव्हती, चार वर्षं दादाशी भांडताना वाटली नव्हती, नेमकी त्या घटकेला वाटली. आणि दुसरंही होतं. टेम्पोचं मागचं फळकूट लागलं की मला ते पुन्हा दिसणार नव्हते. राख नाही, जागा नाही, काही नाही. मला आणखी थोडा वेळ हवा होता, आणि मी आत्याचं नाव पुढं केलं.

आत्या आली तेव्हा सव्वाचार वाजले होते. सगळ्यांनी वाट करून दिली. आता ही म्हातारी हंबरडा फोडणार म्हणून बायका पदर सावरून तयार झाल्या. तिनं भावाच्या पायांवर डोकं टेकलं, उठली, आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "ह्यो अजून हितंच कसा?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच थांबलो होतो आत्या, तोंड बघायला.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्वांड? गेल्या म्हयन्यात दावून गेला की. म्हनला, बघून घे नीट, मागनं माझ्याकडं येळ व्हायचा न्हाई, मला बेळगावला जायाचं हाय. रातभर बोलत बसलो. मी आपली सावकाश आले, म्हनलं तो गेला आसंल, पोरांना भेटून येऊ."

सूज आलेल्या पायानं तो माणूस तासभर जंगलातून चालत गेला होता तो एवढ्यासाठी. त्याला आपली रीत ठाऊक होती, आपली माणसंही ठाऊक होती. रीत मोडायची नव्हती म्हणून त्यानं ती जिवंतपणीच उरकून टाकली होती. आणि मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं की का गेला होतात.

तरी मी कॉलेजला फोन लावला. तो माणूस म्हणाला, बाई, आता निघून तुम्ही सातला पोचाल, घ्यायला इथं कुणी नसेल. मी त्याच्यावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि माफ करा म्हणून फोन ठेवला. टेम्पोवाल्यानं भाडं घेतलं नाही, तो नुसताच निघून गेला.

आता काय करायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. दादा कुऱ्हाड घेऊन परसात गेला, मागोमाग चार बाप्ये गेले. आंब्याला मोहर आला होता. पोरांना खायला ठेव म्हणून आप्पांनी राखलेलं झाड अर्ध्या तासात आडवं झालं. मी आत बसून घाव ऐकत होते आणि माझ्या मांडीवर ते कार्ड होतं. दादा मधेच पाणी प्यायला आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सही केली होती बरं का." मी म्हटलं, व्हय. तो परत गेला. वर्षभर मी त्याला नावं ठेवत आले, पण त्यानं मला त्या दिवसावरून एकदाही टोचलं नाही, याचाच मला जास्त राग येतो.

अंधार पडायच्या आत आप्पांना अग्नी दिला. ओलं लाकूड असूनही आंबा चांगला पेटला. सगळं कसं रीतीनं झालं म्हणून लोक एकमेकांना सांगत घरी गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. मडकं घेऊन दादा, आत्या आणि मी धरणाच्या काठावर गेलो, आमच्याकडे सगळे तिथंच जातात. पाणी भरपूर होतं. आप्पा ज्या बाजूला बोट दाखवायचे, आत्यानं त्याच बाजूला बोट दाखवलं आणि दादाला म्हणाली, तिकडं सोड. दादा गुडघाभर पाण्यात गेला आणि त्यानं मडकं पालथं केलं. राख थोडा वेळ वर तरंगली, मग दिसेनाशी झाली.

जमीन, घर आणि मसण नेलं तेच हे पाणी. तेव्हा सरकारनं न विचारता नेलं होतं. या वेळी कुणी काही मागायला आलं नव्हतं. या वेळी मीच दिलं.