सिस्टरांच्या पेनाचा घेर

सिस्टर माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यांत शेवटी बघत. आधी चप्पल, मग टाच, मग नखं. झाँसीच्या सदर बाजारात कोणी नमस्कार केला, की त्यांची मान खालीच जायची. "डावी टाच बाहेरून झिजलीय तुमची," त्या म्हणत. समोरच्याचं नाव त्यानंतर आठवायचं.

रुग्णालयात तीसेक वर्षं नर्स म्हणून काढल्यावर त्यांनी दक्षिणेत जाऊन पायांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलं आणि झाँसीला परतून एका औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर खोली थाटली. दोन खुर्च्या, एक दिवा, हत्यारं उकळायचं भांडं. बाहेर पाटी: 'पैरों की देखभाल'. लग्नसराईत मुली नखं रंगवायला चढून येत. "पार्लर समोर आहे, बेटा," त्या सांगत, "इथे मी कोणाला सुंदर करत नाही."

आपलं काम कुठे संपतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नखं, घट्टे, जखमेची पट्टी आणि पाय तपासणं एवढं त्यांचं. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरच्या. रक्तवाहिन्या आणि कापाकाप सर्जनची. चप्पल दतिया गेटच्या मोची चाचांची. त्यांच्याकडे सिस्टर कागदावर पावलाचा ठसा काढून पाठवत. कोणी म्हणालं, "सिस्टर जी, गोळीही तुम्हीच लिहून द्या," तर त्या पेन टेबलावर ठेवून देत.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तेव्हा मधुमेह जुना झालेला होता. मी त्यांना पहिल्यांदा त्या माळ्यावर नेलं ते त्यांच्या मनाविरुद्ध. सिस्टरांनी नायलॉनचा एक जाड धागा काढला. "डोळे मिटा, गार्डसाहेब. टेकवला की हो म्हणा."

बाबा म्हणाले, "हो." पुन्हा, "हो." असं सात-आठ वेळा, ठाम आवाजात. मी बघत होतो. पहिल्या दोन वेळांनंतर सिस्टरांनी धागा पायाला लावलाच नव्हता. तो हवेत होता आणि बाबा होकार देत होते.

"ऑल राइट ना, सिस्टर?" बाबांनी डोळे उघडून विचारलं. "काही दुखत नाही मला."

"दुखत नाही, हीच तर तक्रार आहे." सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "गाडी चालताना तुम्ही दारातून वाकून का बघायचात?"

"धूर दिसतो का ते. चाकाचा एक्सल तापला तर."

"डबा स्वतः सांगायचा का तुम्हाला?"

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघू लागले. चाचांची चप्पल घरातही घालू लागले. एकच जागा राहिली.

"देवघरात नाही जमणार, सिस्टर. चप्पल घालून देवासमोर कसा बसू?"

"नवी कापडी जोडी घ्या. घराबाहेर कधी न गेलेली."

"चामडं असो की कापड, चप्पल ती चप्पल. वीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे."

त्या थंडीत धूपपात्रातला एक निखारा फरशीवर पडला. बाबांचा डावा पाय त्यावर टेकला, करंगळीच्या मुळाशी, आणि पूजा होईपर्यंत तिथेच राहिला. बाबांना कळलं नाही. थंडी म्हणून पूजा झाली की ते मोजे घालून फिरत होते, आरशाचं कामही त्या आठवड्यात सुटलं होतं. देवघरातल्या फरशीवर आईला लालसर डाग दिसले. तिने ते दोन दिवस पुसले. कुंकू सांडतंय असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी वास आला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठवड्याने या म्हणाले. आम्ही पट्टी बदलायला माळ्यावर गेलो.

सिस्टरांनी मोजा कात्रीने कापला. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. मग उजव्या पायावर. मग एक छोटं यंत्र लावलं. उजव्या पायावर नाडीचा ठेका ऐकू आला. डाव्यावर नुसती खरखर होती.

"तुम्हीच साफ करून टाका, सिस्टर," बाबा म्हणाले. "तुमचा हात हलका आहे."

"आज माझा हात लागला तर पाय जाईल. हे माझं काम नाही." त्यांनी निळं पेन घेतलं, जखमेभोवतीच्या लालीच्या कडेने पावलावर रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. "ग्वाल्हेर. आत्ता. घरी कपडे घ्यायलाही जायचं नाही. भैया, तुम्ही रेघेकडे बघत राहा." शेवटचं वाक्य मला होतं. तोपर्यंत त्या फोनवर सर्जनशी बोलू लागल्या होत्या.

ग्वाल्हेरच्या वाटेवर दतिया आलं तेव्हा लाली रेघेच्या आत होती. डबरा गावाच्या अलीकडे ती रेघेवर होती. डबरा मागे पडलं तेव्हा बोटभर बाहेर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "रेघ ओलांडली?"

"नाही," मी म्हणालो.

"त्या धाग्याला मी 'हो' म्हणत होतो, तसाच तू 'नाही' म्हणतोयस," ते म्हणाले.

सर्जनने त्याच संध्याकाळी बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. उद्या आला असतात तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं ते नंतर म्हणाले, आणि ती रेघ कोणी काढली ते विचारलं.

महिन्याभराने बाबा घरी चालू लागले. आईने देवघराच्या उंबऱ्यापाशी पांढरी कापडी जोडी ठेवली. बाबांनी ती घातली आणि आत गेले. त्यानंतर रोज सकाळी आरसा बघून झाला की ते सिस्टरांना फोनवर दोनच शब्द पाठवत: ऑल राइट. एखाद्या दिवशी उशीर झाला की तिकडून फोन यायचा. "गार्डसाहेब, सिग्नल नाही आला."

गेल्या वर्षी सिस्टर मुलीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. खोली बंद झाली. त्यांच्या जागी झाँसीत कोणी आहे का, याची मी चौकशी केली. अजून तरी कोणी सापडलं नाही.

त्या निघाल्या त्या दिवशी आम्ही त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. बाबांनी चाचांचे बूट घातले होते. डाव्याच्या पुढच्या भागात गेलेल्या बोटांच्या जागी मऊ भरण होतं. गाडी हलली. जुन्या सवयीने बाबांनी हात आडवा धरून हलवला, गार्डचा 'ऑल राइट'.

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी हाताकडे बघितलं नाही. बाबा फलाटावर काही पावलं गाडीबरोबर चालले, आणि त्या शेवटपर्यंत त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या.