बॅटरी कोणाशी बोलणार?

आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा चिंचेच्या झाडाचीही झाली. पूर्वेच्या फांद्या आमच्या, पश्चिमेच्या दिराच्या. वाऱ्याने चिंचा इकडच्या तिकडे पडल्या तर त्या कोणाच्या, यावर मी आणि माझ्या जावेने एक अख्खा उन्हाळा भांडून काढला आहे. सोलर मात्र सामाईक घ्यावं लागलं. मोहाडीपासून आत, तलावाच्या पाळीला लागून आमचं शेतातलं घर. विजेचे खांब तिथवर आलेच नाहीत. मधल्या खोलीत लिथियमच्या बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आमच्या भिंतीवर, दुसरा दिराच्या. दोन्ही जोडीने चालणार आणि दोन्ही घरांना वीज देणार.

तुमसरहून आलेल्या मिस्त्रीने जाड वायरी जोडल्या आणि शेवटी इंटरनेटला असते तसली बारीक केबल काढली.

"हे बॅटरीची बोलायची केबल," तो म्हणाला. "किती भरली, किती तापली, आता थांब, हे सारं बॅटरी याच्यातून सांगते. एकाच इन्व्हर्टरले लागते. तो मोठा. लहाना मोठ्याचं आयकून चालते."

दोन्ही इन्व्हर्टरमध्ये त्याने वेगळी केबल टाकली, बॅटरीची केबल आमच्या इन्व्हर्टरला लावली आणि तो निघून गेला.

मोठा, लहाना! या घरात हे शब्द उच्चारायचे असतात का? मला 'बाई' म्हणणारी धाकटी जाऊ दाराशीच उभी होती. "म्हणजे बॅटरी बाईसंगच बोलन, अन् आमच्यासंग अबोला?" मी हसले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पुढे पौषातल्या कडाक्याच्या थंडीत एका सकाळी दोन्ही इन्व्हर्टर एकदम टीं टीं करू लागले. लाल दिवे लागले आणि दोन्ही घरांची वीज गेली. टीव्ही गेला चुलीत, पण माझ्या अंडी उबवायच्या मशीनमध्ये गावभर फिरून जमवलेली गावरान अंडी होती. आज-उद्या फुटणार होती. गार पडली तर पिल्लं आतल्या आत मरणार. काचेतून पाहिलं तर एका अंड्याला बारीक तडा गेलेला. मला रडूच फुटलं.

नवऱ्याने आधी उंदरांना शिव्या दिल्या, मग मिस्त्रीला फोन लावला.

"भाऊ, बॅटरीतून बारीक केबला किती निघाल्या?" मिस्त्रीने विचारलं.

नवरा वाकून पाहून आला. "दोन."

"मी तं एकच लावली होती."

दीर छताकडे पाहू लागला. छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"काहून बे?" नवरा म्हणाला.

"बॅटरीले एक भोक रिकामंच होतं न. हिस्सा माहा बी आहे. बराबरी पायजे का नाही?"

भंडाऱ्याहून केबल आणून त्याने त्याच सकाळी गुपचूप ती बॅटरीतून थेट आपल्या इन्व्हर्टरला जोडली होती. मिस्त्री फोनवर ओरडला, "दोघंही मोठे झाले तं आयकन कोण? एक काढा!"

"तुहीच केबल काढ," नवरा दिराला म्हणाला.

"तुमचीच काढा न!"

भाऊ भांडत बसले आणि अंडी गार होत चालली. जाऊ तेवढ्यात आत पळाली, आपल्या दोन वाकळा घेऊन आली आणि हवेपुरती फट ठेवून तिने मशीन गुंडाळली. तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"आमचीच काढा!" मी नवऱ्यावर ओरडले. "त्यायलेच मोठं करा, पण माही मशीन चालू करा!"

नवऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण त्याने आमची केबल उपटली, मिस्त्रीने सांगितलं तशी दिराने सेटिंग बदलली, आणि टीं टीं थांबलं. मशीनमधला दिवा लागला.

संध्याकाळपासून पिल्लं निघू लागली. सगळी नाही, पण बरीच. माझा जीव भांड्यात पडला. जाऊ मशीनसमोर बसूनच होती. म्हणाली, "बाई, मशीन तुमची, पण ऊब माह्या वाकळीची. अर्धे पिल्लं माहे."

एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी "घे" म्हणाले. तिने हाताला येतील तशी अर्धी टोपलीत घातली.

पिल्लं मोठी झाली. तिच्या बहुतेक साऱ्या अंडी देणाऱ्या तलंगा निघाल्या आणि माझे सारे कोंबडे. आता माझ्या अंगणात पहाटेपासून नुसती बांग चालते, आणि मशीनमध्ये ठेवायला अंडी हवी असली की मलाच तिच्या दारात जाऊन मागावी लागतात.