आधी रेघ, मग पाना

त्याचं खरं नाव लाइनवर कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना गडी स्वतःच म्हणाला, "मी मेरिट लिस्टमधला." झालं! त्या दिवसापासून तो मेरिट.

मोटारी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो वर्षभराच्या उमेदवारीला आला होता. खिशात इंजिनिअरिंगची पदवी आणि नाक आभाळात. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते, आणि वर्ष संपताना तिघांतला एकच कायम होणार होता. तो एक म्हणजे आपणच, याबद्दल मेरिटला तिळमात्र शंका नव्हती. कारखान्याला असावी, कारण त्याला त्यांनी सीट बसवायला उभं केलं.

काम काय, तर पट्ट्यावरून गाडी समोर आली की ड्रायव्हरची सीट आत ठेवायची, चार बोल्ट लावायचे आणि टॉर्कच्या पान्याने आवळायचे. हवा तेवढा जोर पोचला की पाना 'कट्' आवाज करतो. कट् झालं की त्या बोल्टवर पेनाने पिवळी रेघ मारायची. पलीकडच्या बाजूची सीट बसवायचा लाइनवरचा सगळ्यात जुना फिटर. त्याला सगळे मामा म्हणत. पाना दोघांत एकच. मामांनी तीनदा करून दाखवलं, तर मेरिट जांभया देत होता. हे शिकायला का मी चार वर्षं घासली? मामांच्या काळ्या नखांची त्याला किळस यायची. कँटीनमध्ये तो वेगळा बसायचा आणि बसण्याआधी बाक रुमालाने पुसायचा. नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ असतात, हा तर पोतंच सोलायला बसलेला.

महिन्याभरात दीडशहाण्याने शोध लावला. मामांकडून पाना येईपर्यंत आपले हात रिकामे असतात ना, मग तेवढ्यात चारही रेघा मारून टाकायच्या! पाना आला की नुसतं आवळायचं. गाडीमागे नऊ सेकंद वाचले.

मामांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. "अरे, बोल्ट ढिला आणि रेघ मारून मोकळा?"

"माझे वडील शिंपी आहेत," मेरिट म्हणाला. "तेसुद्धा आधी खडूने रेघ मारतात, मग कात्री चालवतात."

"ती रेघ काय करायचंय ते सांगते, बाबा. ही रेघ काम झालं म्हणून सांगते. एवढंही कळत नसेल, तर तुझी मेरिट लिस्ट काय गाढवांनी लावली होती?"

लाइनवर खसखस पिकली. मेरिटच्या डोक्यात तिडीक गेली. तो तडक गेला मॅनेजरकडे. या मॅनेजरने जन्मात बोल्टला हात लावला नव्हता, पण नऊ सेकंद म्हटल्यावर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "वा! शनिवारी मोठ्या साहेबांसमोर मांड," तो म्हणाला. "आवडलं, तर कायम झालास म्हणून समज."

आणि शुक्रवारी दुपारी व्हायचं ते झालं. एक पांढरी गाडी समोर होती. मेरिटने चार रेघा मारल्या, पाना अजून मामांच्या हातात, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. सुट्टीभर हा मॅनेजरशी फोनवर उद्याचं भाषण घोकत बसला. परत आला दोन मिनिटं उशिरा. पट्टा सुरू झाला होता आणि पांढरी गाडी पुढे गेली होती.

"सुट्टीआधीची आवळलीस ना?" मामांनी विचारलं. "तू जागेवर नव्हतास. रेघा दिसल्या म्हणून मी सोडली."

त्या गाडीला पाना लागलाच नव्हता, हे मेरिटला आठवलं. तरी तोंडातून शब्द बरोबर निघाला. "हो."

मामांनी मान हलवली आणि कामाला लागले. तीस वर्षांत रेघेवर 'हो' म्हणून कुणी खोटं बोललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आवारात त्या दिवसाच्या पांढऱ्या गाड्या एकशे साठ. एक शब्द बोलला असता तर सगळ्या फाटकावर अडल्या असत्या आणि रात्रीतून तपासून झाल्या असत्या. पण मग शनिवारच्या भाषणाचं काय? पठ्ठ्या मूग गिळून बसला. शनिवारी टाळ्या पडल्या. महिन्याभराने, वर्ष संपायच्या आधीच, कायम झाल्याचं पत्र हातात पडलं, आणि मेरिटने ते लाइनवर आणून मामांच्या नाकासमोर धरलं. निर्लज्जपणाला काही सीमा!

कायम माणसाला गाडी सवलतीत मिळे. त्याच्या वडिलांनी उभं आयुष्य मशीनवर वाकून काढलेलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "आमचा मुलगा गाड्या बनवतो." गाडी घ्यायला ते इस्त्रीचा शर्ट घालून आवारात आले. गाडी पांढरी होती. वडील दार उघडून आत कौतुकाने बघत असताना मेरिटचं लक्ष दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीकडे गेलं. गाडी बनल्याची तारीख त्याच शुक्रवारची.

"जरा ड्रायव्हरच्या जागेवर बसून बघतो हं," वडील म्हणाले.

"बाबा, थांबा! बसू नका!"

पाचावर धारण बसलेला मेरिट धावत जाऊन टॉर्कचा पाना घेऊन आला आणि नव्या कपड्यांनिशी जमिनीवर लोळत सीटखाली घुसला. ज्या कामाला जांभया दिल्या, ते काम आता जीव मुठीत धरून करत होता. कट्. कट्. कट्. कट्. एकही बोल्ट जरासुद्धा फिरला नाही, चारही आधीपासूनच घट्ट! तो धापा टाकत बाहेर आला आणि चक्क हसला.

"सुटलो बाबा! ही ती गाडी नाही."

"ती म्हणजे कोणती?"

सुटकेच्या आनंदात त्याने सगळं सांगून टाकलं. रेघा, फोन, मामा, एकशे साठ गाड्या. घरच्यांसाठीच केलं ना, बाबांना कळेलच, अशी त्याची समजूत.

वडिलांनी गाडीचं उघडं दार लावलं. मग म्हणाले, "मी बटण लावलं तरी एकदा ओढून बघतो रे. तुटलं तर काय, शर्ट उघडा पडेल एवढंच." आणि त्यांनी विचारलं, "त्या गाडीत कोण बसत असेल?"

"ते कसं कळणार, बाबा? आता महिना झाला. सांगितलं तर नोकरी जाईल माझी."

त्यांनी हातातली किल्ली गाडीच्या टपावर ठेवली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागले. घर तासाभराच्या वाटेवर होतं. मेरिट गाडी काढून त्यांच्या मागे निघाला. ते रस्त्याच्या कडेने चालताहेत, हा बाजूने मुंगीच्या पावलाने गाडी हाकतोय, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालताहेत. आणि हा मेरिट लिस्टमधला इंजिनिअर काच खाली करून वडिलांना विनवत होता, "बसा ना, बाबा. तुमची सीट घट्ट आहे, मी बघितलीय."