पाणी, चरबी आणि आमची थोरली

लोंढ्याला मेहुण्याच्या घरी थोरली लेक मुलाकडच्यांना दाखवून आम्ही नवरा-बायको तिला घेऊन रेल्वेनं बेळगावला परतत होतो. आमचा होकार ठरलाच होता. भांडण होतं लग्न कुठल्या गावी करायचं यावर, आणि ते अख्खा डबा ऐकत होता. मुलगी खिडकीशी बसली होती.

समोरचा माणूस प्रत्येक वाक्याआधी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायचा. मी त्याला काम विचारलं.

“परदेशात एका दवाखान्यात चुंबकाचं यंत्र हाय, त्यावर असतो मी,” तो म्हणाला. “त्यात माणसाला झोपवून मेंदूतले संकेत ऐकायचे. पण पाणी आणि चरबी यांचाच गलका लई. दोघांचे सूर जरा वेगळे, त्यावरनं ओळखून दोघांना बाजूला काढायचं. मग बारीक द्रव्यांचं ऐकू येतं. आजाराचं खरं तीच सांगतात.”

माझ्या पोटाकडं बघत ही म्हणाली, “चरबी कोण, ते दिसतंय.”

“मग पाणी कोण?” मी सुरू झालो.

“अण्णा, वैनी, दोघंबी जरा गप्प बसता काय?” चष्मेवाला म्हणाला.

परक्यानं असं सांगितल्यावर आम्ही खरंच गप्प झालो. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, “आप्पा, मला हे स्थळ नको. सकाळपासनं चौथ्यांदा सांगतीय.”