हॉलिसच्या मागची जागा

गुडघा बदलून घेतला तेव्हा डॉक्टरांनी ओलीटाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. जिना कसा चढायचा, खुर्चीतून उठताना भार कुठे द्यायचा, गाडी कधीपासून चालवायची. एवढंच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, की बाई, तू घरी पाय वर करून पडशील तेव्हा तुझ्या भावाच्या मागे तुझी भावजय उभी राहील, आणि अख्खं गाव म्हणेल, काय छान वाजवते हो ही.

आमच्या चिकसॉ जमातीत नाचात पुढे एक पुरुष असतो. तो ओळ टाकतो, मागचे पुरुष ती झेलतात, आणि एक पुरुष, एक बाई अशी सगळी रांग गोल फिरत राहते. गाणं पुरुषांचं खरं, पण ताल त्यांच्या हातात नाही. तो बायकांच्या पायात. दोन्ही पिंढऱ्यांवर चामड्याला शिवलेल्या कासवांच्या पाठी बांधायच्या, त्यांच्या पोटात नदीतले बारीक खडे, आणि पाऊल असं टाकायचं की सगळे खडे एका दमात बोलले पाहिजेत. गाणाऱ्याच्या पाठीला लागून जी बाई चालते, तिच्या पायावर बाकीच्यांचे पाय. ती उठलीच नाही तर पुरुष कितीही मोठा गवई असो, त्याला गप्प बसून राहावं लागतं. आमचे पुरुष हे कबूल करत नाहीत, पण त्यांना पक्कं ठाऊक असतं.

भावाच्या, हॉलिसच्या मागची ती जागा ओलीटाची होती. तो पहिल्यांदा गायला उठला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आई नुकतीच गेलेली. ओलीटाने आईची कासवं पायाला बांधली, त्याच्या पाठीत एक बोट खुपसलं आणि म्हणाली, "चल, मी आहे." तेव्हापासून ती होतीच. शाळेतल्या कार्यक्रमात, जत्रेत, बाहेरून पाहुणे येत तेव्हा, आणि ऑक्टोबरात आमचा मोठा वार्षिक मेळा भरतो त्यात तर असायचीच. बाकीचं आयुष्य तिने एडा गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. शेकडो पोरांना बटाटे वाढले, कुणाचं नाव लक्षात ठेवलं नाही. नवरा वेंडेल हृदयविकाराने गेला. मुलगा टल्साला, रविवारी फोन करतो, हवामानाचं बोलतो. तिची कशाबद्दल तक्रार नव्हती. ती जागा होती, तेवढं तिला पुरत होतं.

आणि मग ही रोशेल आली.

रोशेल आमचीच, चिकसॉच, पण वाढलेली कॅलिफोर्नियात. तिच्या आजोबांना सरकारने तिकीट हातात देऊन तिकडे धाडलं होतं, नोकऱ्या आहेत म्हणून. ती चाळिशी उलटल्यावर परत आली. वर्गात बसून भाषा शिकली, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून शिवण शिकली, आणि चित्रं काढायची ही मोठमोठी, भिंतभर. बगळे, टेकाडं, रांगेत चालणाऱ्या बायका. ती चित्रं आता सांस्कृतिक केंद्रात लावली आहेत. हॉलिसची पहिली बायको सोडून गेल्यावर तो बरीच वर्षं एकटाच होता. त्याने रोशेलशी लग्न केलं तेव्हा ओलीटाने मोठ्या पातेल्यात द्राक्षाच्या रसात शिजवलेले पिठाचे उंडे केले, सगळ्यांना पोटभर वाढले, आणि घरी जाताना एर्लीनला म्हणाली, "बघू किती दिवस टिकते. चित्रातल्या बाया चालवणं सोपं असतं."

एर्लीन तिची लहानपणापासूनची मैत्रीण. ओलीटाच्या तोंडावर खरं बोलायची सोय फक्त तिलाच.

मे महिन्यातल्या सरावाला ओलीटा चालायचा वॉकर घेऊन आली आणि सभागृहाच्या कडेला खुर्ची टाकून बसली. मांडीवर पर्स. हॉलिसने हाक दिली, पुरुषांनी ती झेलली, आणि त्याच्या मागे रोशेलचे पाय सुरू झाले. तिच्याकडे कासवं नव्हती. दुधाचे छोटे रिकामे डबे खडे भरून, भोकं पाडून बांधले होते. आमच्याकडे पुष्कळजणी डबेच बांधतात, त्यात वावगं काहीच नाही. ओलीटाला आज मात्र ते डबे असे दिसले की जणू कुणी चर्चमध्ये बादली घेऊन आलंय.

"डबे," ती म्हणाली.

"माझेही डबेच आहेत," एर्लीन म्हणाली. ती चिप्सचं पाकीट फोडत होती.

"तुझं वेगळं. तू मागे असतेस."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं मी नाचते."

"खाली बघते बघ. पायाकडे बघून कोणी वाजवतं का?"

"खाली नाही गं बघत, हॉलिसच्या टाचांकडे बघते. तूही बघायचीस."

"मी कधीच नाही बघितलं."

एर्लीनने पाकीट पुढे केलं. ओलीटाने घेतलं नाही. ती खोट काढायला बसली होती आणि खोट सापडत नव्हती. पाऊल हलकं होतं, पण पोकळ नव्हतं. हॉलिसने मध्येच चाल वाढवली तर रोशेल त्याच्याबरोबर जायची, आधी नाही आणि नंतरही नाही. आणि हॉलिस गात होता. म्हणजे तो नेहमीच गायचा, पण आज त्याचे खांदे सैल होते. ओलीटाने तीस वर्षं तेच खांदे मागून पाहिले होते, आणि ते नेहमी थोडे वर चढलेले असायचे. तिला वाटायचं, त्याची ठेवणच तशी आहे. आता कळलं की ठेवण नव्हती. ती सराव संपायच्या आत निघून गेली, आणि वॉकर दारात अडकला म्हणून दारालाच शिव्या घातल्या.

उन्हाळाभर तिने गुडघ्याचे व्यायाम असे केले की फिजिओथेरपीवाली पोरगी घाबरली. कोमट पाणी, बर्फ, जिना, परत जिना. रोशेल मधूनमधून यायची. कधी पशोफा घेऊन, आपल्या मक्याच्या कण्या डुकराच्या मांसात शिजवलेल्या, वर मीठ वेगळं. कधी नुसतीच. "ताई, काही आणायचंय का गावातून?" म्हणायची. पशोफा चांगला असायचा. तो चांगला असायचा हेच ओलीटाला सहन होत नव्हतं. ती रिकामं भांडं परत देताना म्हणायची, "मका जरा जास्त भिजायला हवा होता," आणि रोशेल म्हणायची, "हो का? पुढच्या वेळी बघते." भांडायला तरी यावं ना माणसाने. पण नाही.

ऑगस्टमध्ये ओलीटा आईची कासवं घेऊन सरावाला आली. दोन्ही पायांचं मिळून वजन चांगलंच असतं. नवीन गुडघ्याने कुरकूर केली, तिने ऐकून घेतली नाही. टॉवेलची घडी पिंढरीला गुंडाळली, वर कासवं आवळली आणि उठून सरळ हॉलिसच्या मागे जाऊन उभी राहिली. रोशेल बाजूलाच उभी होती. हॉलिसने टोपी काढली, घातली, परत काढली.

"ताई, या मेळ्यापुरती तू दुसरी राहा," तो म्हणाला.

"का?"

"गुडघा आहे."

"गुडघा लोखंडाचा आहे आता. तुझ्याहून जास्त टिकेल."

बाकीचे हसले. हॉलिस नाही हसला. त्याने खाली बघून म्हटलं, "रोशेलची सवय झालीये मला. गाणं... बरं जातंय."

बरं जातंय. म्हणजे आधी काय जात होतं? ओलीटाला विचारायचं होतं, पण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा तिलाच भरवसा नव्हता. ती एक पुरुष सोडून मागे जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने चुकूनही एक पाऊल चुकवलं नाही. आणि घरी जाऊन गाडीतून न उतरता बराच वेळ रडली. आपल्या हाताने ज्याला जेवू घातलं, ज्याच्या पाठीत बोट खुपसून ज्याला उभं केलं, त्याने दुसरीची सवय करून घेतली. नवऱ्याने दुसरी केली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

मेळ्याच्या दिवशी हिरवळीवर माणूस मावत नव्हतं. एका बाजूला पशोफ्याच्या कढया रटरटत होत्या, म्हाताऱ्या बायका लाकडी पळे घेऊन बसल्या होत्या आणि तिखट धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. रोशेलने नवा लांब झगा शिवला होता, पाठीवर रंगीत फिती सोडलेल्या. चांगला दिसत होता. ओलीटाने जुनाच घातला, जुना म्हणजे आईचा, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नाही. रोशेल तिच्याजवळ आली.

"ताई, दोऱ्या आवळून देऊ? वाकायला त्रास होत असेल."

"मी मेल्यावर आवळ," ओलीटा म्हणाली.

रोशेल हसली, म्हणजे तिने ती थट्टाच समजली, की समजल्याचं दाखवलं, देव जाणे.

रांग लागली. हॉलिस, रोशेल, हॉलिसचा एक चुलत पुतण्या, मग ओलीटा, आणि तिच्या मागे बाकीचे. हॉलिसने पहिली हाक दिली. पुरुषांनी झेलली. दुसऱ्या फेरीला रोशेलचे डबे सुरू झाले आणि त्यांच्यामागोमाग सगळ्यांचे पाय. हॉलिसचे खांदे सैल. समोरच्या खुर्च्यांमधली एक बाई शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि बोट रोशेलकडे होतं.

ओलीटाने तेव्हा जे केलं ते ठरवून केलं नव्हतं, असं ती म्हणेल. आमच्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, असं न ठरवता होत नाही. तिने पाऊल किंचित आधी टाकलं. खड्यांच्या आवाजात एका केसाएवढी फट पडेल इतकंच. मग अजून थोडं. तिची कासवं दणकट, आवाजाने जाड. मागच्या बायकांचे पाय आपोआप तिच्याकडे झुकले, त्यांना तीस वर्षांची सवय होती. पुढे रोशेलचा ताल, मागे ओलीटाचा, आणि दोन्हींच्या कात्रीत हॉलिस. त्याने ओळ टाकली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. श्वास अपुरा पडला. त्याचे खांदे वर चढले. ओलीटाला ते दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला.

तो आनंद अर्धी फेरीभर टिकला. रोशेलने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त स्वतःचा ताल सोडून दिला. एका पावलात, हातातली पिशवी खाली ठेवावी तसा. आणि ओलीटाचा उचलला. डबे आणि कासवं एकत्र बोलली. हॉलिसला जमीन सापडली, आवाज वर गेला, आणि लोकांना कळलंही नाही की काही झालं होतं. गाणं संपताना शेवटच्या हाकेवर सगळे पाय एकदम थांबले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या गाण्याआधी हॉलिस पाणी पीत होता. रोशेल ओलीटाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमचा पाय पुढे होता, म्हणून मी तुमच्याबरोबर आले. त्याचा श्वास तुटत होता."

ओलीटाने तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा शोधला. टोमणा असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

मग रोशेल एक पाऊल बाजूला झाली आणि आमच्या बायका करतात तशी हनुवटीने हॉलिसच्या मागची जागा दाखवली. "तुम्ही या पुढे. मी मागे येते."

सगळ्यांसमोर. एर्लीन बघत होती, पुतण्या बघत होता, हॉलिस पाण्याची बाटली तोंडाशी धरून बघत होता. नको म्हणावं तर का नको म्हणाली ते सगळ्यांना कळणार. जावं तर भावजयीने दिलेलं घ्यायचं. जे मागायचीही गरज तिला कधी पडली नव्हती, ते कुणीतरी ताटात वाढून समोर धरलं होतं. ओलीटा गेली. आणि तिथे उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण नसतो गेलो असं होणंच शक्य नव्हतं.

हॉलिसने हाक दिली. तिने पाय टाकला आणि मागून रोशेलचा पाय नेमका त्याच तालावर पडला. तिने परीक्षा घेतली. जरा घाई केली, रोशेल आली. जरा सैल सोडलं, रोशेल थांबली. पुढे हॉलिस मोकळ्या गळ्याने गात होता, खांदे खाली, आणि ओलीटाला सबंध गाण्यात एकदाही ठरवता आलं नाही की आपण नेतोय की आपल्याला कुणी अलगद सांभाळून नेतंय.

गाणं संपलं तेव्हा हॉलिस घामाने निथळत होता. तो वळला, दोन्ही हात ओलीटाच्या खांद्यांवर ठेवले. लहानपणी मासा सापडला की त्याचा चेहरा असा व्हायचा.

"ताई," तो म्हणाला, "आज असं वाटलं की मागे एकच बाई आहे."

कुठली, हे तिने विचारलं नाही. "गुडघा दुखतोय माझा," म्हणाली, आणि खुर्ची ओढून दोऱ्या सोडायला बसली. गाठ घट्ट बसली होती. रोशेल समोर गुडघ्यांवर बसली आणि ती सोडवू लागली, तेव्हा ओलीटाने पाय मागे घेतला नाही. फक्त तिच्या डोक्यावरून पलीकडे, कढयांच्या धुराकडे बघत राहिली.