फळ्यांमागची भिंत

आमच्या साडूंइतका बसायला नालायक माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडायचा नाही. पस्तीस वर्षं त्यांनी बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे कुठला तरी पाइप कायम गळत असतो, कुठला तरी नट कायम ढिला असतो. त्यामुळे जिथे सगळं ठीकठाक आहे अशा जागी त्यांचा जीव घाबरा होतो. जेवताना डाव्या हाताने टेबलाचा पाय हलवून बघतील. देवळात आरती चालू असली की सगळ्यांचे डोळे देवाकडे आणि यांचे घंटेच्या साखळीकडे. एकदा दोन दिवस आमच्याकडे राहायला आले आणि घरातल्या झाडून सगळ्या दारांची कुरकुर बंद करून गेले. तेव्हापासून मी लाडवांच्या डब्यापर्यंत कधी पोचतो ते कळतच नाही, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे.

असल्या माणसाने गेल्या वर्षी आचऱ्याला घर घेतलं, ते ताईसाठी. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिचं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत नवऱ्याची वाट बघण्यात गेलेलं. घर चिऱ्याचं, ऐसपैस, ताज्या रंगाचं. मागच्या खोलीच्या भिंतीला तर छातीइतक्या उंचीपर्यंत पॉलिश केलेल्या फळ्या. ताईने पाहताक्षणी सांगितलं, "मी इथे झोपणार." साडूंनी कौलं पाहिली, वासे ठोकले, विहिरीत डोकावले. फळ्या तेवढ्या त्यांनी हाताने कुरवाळल्या आणि "काम सुबक आहे" म्हणाले.

पावसाळा निम्मा सरला आणि ताईला खोकला लागला. औषधं झाली, काढे झाले, खोकला हटेना. मागच्या खोलीत शिरलं की जुन्या पेटीतल्या चादरीसारखा वास यायचा. झालं! साडू बॅटरी घेऊन घरभर फिरू लागले. भिंतींना नाक लावायचे, कान लावायचे, टिचक्या मारायचे. शेजारच्या काकींनी कुंपणाच्या गडग्यावरून विचारलं, "काय ओ भाऊनु, घराक ताप इलो काय? रोज नाडी बघतास ती!" साडू हसले नाहीत. चौथ्यांदा कौलांवर चढले.

शेवटी मीच दोघांना गाडीत घालून मालवणला डॉक्टरांकडे नेलं. ताईची छाती तपासून डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आसा काय?"

"मी स्वतः घर तपासून घेतलंय," साडू तुटकपणे म्हणाले. पण परतीच्या वाटेवर ते नुसता गुडघा हलवत राहिले. घरी पोचल्यावर चपला न काढताच पहार घेऊन मागच्या खोलीत शिरले. पहिली फळी निघाली आणि आम्ही दोघेही मागे सरलो. भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी पडली होती. बुरशी मखमलीसारखी दाट माजली होती आणि फळीच्या पाठीवर हिरवट लव आली होती. ताई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"पस्तीस वर्षं समुद्र बाहेर ठेवला," साडू म्हणाले, "आणि हिच्या उशाशी..." आणि त्यांनी पुढच्या फळीत पहार घातली.

मग त्यांनी घर विकणाऱ्याला फोन लावला. तो मुंबईत नोकरीला. फोन स्पीकरवर होता, कारण साडूंना बोलताना येरझाऱ्या घालाव्या लागतात. पाच मिनिटं त्यांनी त्या माणसाला बोलूच दिलं नाही. फसवणूक, लबाडी, काही काही बाकी ठेवलं नाही. ते दम घ्यायला थांबले, तेव्हा पलीकडून हळू आवाज आला.

"काका, आई थंयच निजायची. तीन वर्सां खोकत होती, खोकतच गेली. आमी म्हटलाव, वय झाला."

"मग फळ्या कित्याक मारल्यास?" साडू एकदम मालवणीवर आले.

"तिनाच सांगितल्यान. नातवंडां सुट्टीत येतली, त्येंका डाग दिसाक नको म्हणान."

साडूंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी ताईची खाट पुढच्या खोलीत आली. ओलीचं कारण गवंड्याने दाखवलं: बाहेरच्या अंगाला फुलझाडांसाठी मातीचा भराव केला होता, तो थेट भिंतीला टेकलेला, आणि पागोळ्यांचं सगळं पाणी त्यातच पडत होतं. साडूंनी पावसातच कुदळ घेतली. भराव काढला, पाण्याला वाट करून दिली. नाकातोंडाला फडकं बांधून बुरशी पुसली, फुगलेला गिलावा खरवडला. पुढे मात्र गवंडी हात झटकून म्हणाला, "आता बसा. भिंत सुकाक येळ लागतलो. घाई केलास तर परत काळी जातली."

बसा! ते महिने आम्हा सगळ्यांना जड गेले. खिडक्या उघड्या टाकून साडू दर तासाला भिंतीवर तळवा ठेवायचे. ताईचा खोकला मात्र दिवाळीच्या आत गेला. उन्हं चांगली तापल्यावर भिंतीला चुना लागला.

मे महिन्यात तो विकणारा गावी आला आणि आंब्यांची करंडी घेऊन दारात उभा राहिला. साडू कडक बोलतील म्हणून मी पुढे झालो, पण तेच त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. त्याने पांढऱ्या भिंतीला हात लावला. मग खाली बघत विचारलं, "थोडो येळ हंय बसू?"

साडूंनी मान हलवली, बाहेर आले आणि दार हलकेच ओढून घेतलं.  ताईने चहा टाकला, तो उकळला, गाळला, निवला. साडू हात मागे बांधून दाराबाहेर तसेच उभे होते.