मुदत संपलेलीच नव्हती

ऑगस्ट २०१८. राग गिळवत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या हिराबाईंच्या नवऱ्याचा पाय काही वर्षांपूर्वी चांदवडजवळ एका कारखाली चिरडला. ‘सहा महिने उलटले, आता दावा होत नाही,’ असं गावात सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी भरपाई मागितलीच नाही. यंदा तो काविळीने गेला.

आज हिराबाईंना नाशिकला वकिलांकडे नेलं.

“ती मुदतीची अट केव्हाच रद्द झालीय, बाई. पण आता जखमी माणूसच राहिला नाही. मरण काविळीने आलं, त्यामुळे त्याचा दावाही त्याच्याबरोबरच गेला.”

“म्हंजी मागच्या दिवाळीला आलो असतो तर?”

“झाला असता दावा.”

हिराबाई उठल्याच नाहीत.

तुमच्यापैकी कोणाला हे ठाऊक होतं? मला नव्हतं.

वकिलांनी हिराबाईंच्या हाती कागद परत दिले: पंचनाम्याची नक्कल, पायाचा एक्स-रे, मृत्यूचा दाखला.